चाकाच्या रेषेत कोण उभे आहे?

कोणत्याही तालुक्याच्या गावातून बाहेर पडताना रस्त्याच्या कडेला ग्रिल, गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारी दुकाने लागतात, आणि त्या दुकानांत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा हातात घेतले जाणारे यंत्र म्हणजे चार इंची हँड ग्राइंडर, टोकाला घासायचे किंवा कापायचे चाक फिरणारा. शहरात नव्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर तेच यंत्र असते. फरशीवाला त्याने टाइल कापतो, प्लंबर आणि वायरमन भिंतीत खाच पाडतात, वेल्डर जोड घासून सपाट करतो. वजन दीड-दोन किलो, किंमत नव्याने धंद्याला लागलेल्या मुलालाही परवडेल अशी, आणि ते शिकायला वेळ लागत नाही असा सर्वांचा समज. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून मी आयुष्याची बरीच वर्षे काढली आहेत, आणि लेथ किंवा शेपर अशी धातूकामाची मोठी यंत्रे शिकवताना वाटली नाही एवढी काळजी मला या छोट्या यंत्राची वाटत आली आहे. लेथ जमिनीला बोल्टने जखडलेला असतो, त्याच्या आकारानेच मुले दबकून उभी राहतात. ग्राइंडर मात्र मुले पहिल्या दिवसापासून स्क्रू-ड्रायव्हर उचलावा तसा उचलतात.

यंत्र जमिनीवरून हातात आले त्याला फार काळ लोटलेला नाही. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरता येणारे विजेचे ड्रिल बनवले. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीला १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा स्विच असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. हँड ग्राइंडर तर १९५४ चा, तोही जर्मनीतलाच. यांतला बोटाने दाबायचा स्विच मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बोट सुटले की यंत्र थांबेल ही सोय त्यात कारागिराच्या सावधपणावर अवलंबून न राहता आपोआप होते. पुढे त्याच स्विचला दाबून ठेवणारे बटण आले, आणि ते बटण बिघडले तर आमच्याकडे स्विचवर चिकटपट्टी गुंडाळतात. म्हणजे जे संरक्षण कुणी विचारपूर्वक यंत्रात घातले होते, ते बोट दुखते म्हणून काढून टाकले जाते.

वेगाचा हिशेब मी मुलांकडून फळ्यावर करून घेत असे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कड त्या वेगाने सेकंदाला ५७ मीटरहून अधिक, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जात असते. सेकंदाला १८० च्या वर फेरे होतात. आता काहीतरी अनपेक्षित घडले आहे हे डोळ्याने पाहून हात मागे घ्यायला चांगल्या चपळ माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्यात चाकाचे पंचेचाळीस फेरे होऊन गेलेले असतात. हे गणित झाले की वर्गात थोडी शांतता पसरत असे, आणि मला सांगायची गोष्ट मी तेव्हाच सांगत असे. ती अशी की या यंत्रापुढे लक्ष देणे पुरत नाही. लक्ष द्यायलाच हवे, पण अपघात सुरू झाल्यानंतर लक्षाचा काहीही उपयोग होत नाही. जे करायचे ते स्विच दाबण्यापूर्वी करून ठेवावे लागते.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. कारखान्यांत आणि आयटीआयमध्ये त्या दिवशी शपथ घेतली जाते, फलक लागतात. मला या दिवसाबद्दल आदर आहे, मी स्वतः ती शपथ देण्याचे काम केले आहे. परंतु आपल्याकडचे बहुतेक फलक सावध राहा, काळजी घ्या, घाई करू नका, एवढेच सांगतात. म्हणजे सगळा भार माणसाच्या मनावर टाकतात. दुपारी चारच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, सकाळपासून शंभर पाइप कापून झालेल्या माणसाचे मन ठिकाणावर राहत नाही, आणि यात त्याचा दोष नाही. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने १९९९ मध्ये लाकूड कापायच्या टेबल सॉसाठी एक योजना शोधली. पात्याला बोट लागताच त्यातला सूक्ष्म विद्युत-बदल ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते. हा शोध लावताना त्यांनी माणसाचे लक्ष विचलित होणारच, असे गृहीत धरले होते. आपल्या दुकानांत ती महागडी यंत्रे येणार नाहीत हे मला माहीत आहे, पण ते गृहीतक आपल्याला फुकट घेता येते.

म्हणून मी मुलांना नियमांची यादी पाठ करायला न लावता प्रत्येक वेळी यंत्र हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न मोठ्याने विचारायला लावत असे: आत्ता हे चाक फुटले तर तुकडा कुठे जाईल, आणि चाक अडकले तर मशीन कुठे जाईल? फुटलेल्या चाकाचा तुकडा चाकाच्याच पातळीत, सरळ रेषेत सुटतो. त्या रेषेत चेहरा, मान किंवा पोट असता कामा नये, आणि पाइप धरून समोर बसलेला हेल्परही असता कामा नये. ग्राइंडरचा गार्ड म्हणजे त्या रेषेचा जो भाग आपल्याकडे वळलेला असतो तो बंद करणारी पोलादी भिंत. तो फिरवून हवा त्या कोनात बसवता येतो. पण फिरवायला वेळ जातो, कोपऱ्यात घासताना तो आडवा येतो, म्हणून नवीन मशीन खोक्यातून काढले की पहिल्याच दिवशी गार्ड काढून खिडकीत ठेवला जातो. मी अनेक दुकानांत खिडकीतले असे धूळ खाणारे गार्ड पाहिले आहेत.

गार्ड काढण्याचे आणखी एक कारण असते आणि ते अधिक गंभीर आहे. सात इंची मशीनचे अर्धवट झिजलेले चाक फेकून द्यायला जीव होत नाही, मग ते भोकात बुश, म्हणजे भोक लहान करणारी कडी, घालून चार इंची मशीनला चढवतात. गार्ड असेल तर ते बसत नाही. सात इंची मशीन मिनिटाला साधारण ८,५०० फेरे घेते आणि त्याचे चाक सेकंदाला ८० मीटर एवढ्या कडेच्या वेगासाठी बनवलेले असते. तेच चाक पूर्ण व्यासाचे असताना ११,००० फेऱ्यांवर चालवले तर कडेचा वेग १०० मीटरच्या पुढे जातो, आणि चाक आतून फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे दीडपटीहूनही अधिक वाढतो. झिजलेल्या चाकात हा आकडा कमी भरतो हे खरे, पण किती झिजले की पुरे याचा अंदाज डोळ्याने घेणारा माणूस आपल्या चेहऱ्यापुढे तो अंदाज फिरवत असतो.

चाकावर काय छापले आहे ते वाचायची सवय आमच्याकडे नाही. तिथे कमाल फेरे लिहिलेले असतात, ८० मीटरचा आकडा असतो, आणि मधल्या धातूच्या कडीवर बहुतेक चांगल्या चाकांवर मुदतीची तारीख ठोकलेली असते. रेझिनने बांधलेल्या या चाकांचे आयुष्य साधारण तीन वर्षे धरतात. दमट हवेने बांधणी कमकुवत होते, त्यामुळे कोकणात पावसाळाभर ओल्या भिंतीलगत पडलेले चाक वरून कोरे दिसले तरी भरवशाचे नसते. नवीन चाक चढवल्यावर मशीन माणसांपासून दूर धरून मिनिटभर मोकळे चालवावे आणि मग कामाला लावावे. आणि कापायचे पातळ चाक आडवे धरून घासायला कधीही वापरू नये. एक-दोन मिलिमीटर जाडीच्या त्या चाकाला बाजूने दाब सोसत नाही.

मशीनच्या झटक्याविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण माझ्या अनुभवात चाक फुटण्यापेक्षा झटक्याने झालेल्या जखमा कितीतरी जास्त आहेत. चाक चिरेत आवळले गेले की ते क्षणभर थांबते आणि मोटरची सगळी ताकद मशीनलाच उलट फेकते. कोणत्या दिशेला, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ठिणग्या ज्या दिशेला उडत असतात, त्याच्या उलट दिशेला मशीन उसळते. म्हणजे ठिणग्या आपल्यापासून दूर जात आहेत म्हणून ज्याला निर्धास्त वाटते, त्याच्याच अंगावर मशीन येणार असते. म्हणून बाजूला उभे राहावे, बाजूचा दांडा लावलेला असावा, दोन्ही हातांची पकड असावी. पण याहून मोलाचे आहे ते चीर आवळू न देणे. पाइपाला दोन्ही टोकांना टेकू देऊन मध्ये कापले तर कापता कापता पाइप मध्ये खचतो आणि चीर वरून मिटते. तोच पाइप एका बाजूला व्हाइसमध्ये पकडून कापायचे टोक मोकळे सोडले तर चीर उघडत जाते आणि तुकडा सुखाने गळून पडतो. काम कसे टेकवायचे याचा हा दोन मिनिटांचा विचार, जो माझ्या मते हेल्मेट-गॉगलच्या आधी शिकवायला हवा.

पाठ केलेले नियम किती फसवे असतात याचे उदाहरण म्हणून मी हातमोज्यांचा विषय काढत असे. ‘मशीनवर काम करताना हातमोजे घालावेत’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ग्राइंडरवर चामड्याचे, हाताला घट्ट बसणारे मोजे ठीक आहेत, कारण ठिणग्या आणि तापलेले लोखंड यांपासून ते वाचवतात. पण उभ्या ड्रिलवर किंवा लेथवर मोजा घातला आणि त्याचा एक धागा फिरत्या बिटला लागला, की मोजा गुंडाळला जातो आणि त्याच्या आत हात असतो. तेच लांब बाहीचे, गळ्यातल्या साखळीचे, ओढणीचे आणि खांद्यावरच्या गमछाचे. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे घट्ट बसणारे असावेत असे कलम २२ मध्ये लिहिले गेले, ते याच कारणाने.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा होत असे, आणि तो माझा सर्वांत आवडता दिवस होता. आदल्या दिवशी मुले लेथचे बेड तेलाने पुसत, व्हाइसचे आटे साफ करत, ग्राइंडर उघडून आतली धूळ फुंकून काढत. मी त्यात एक रीत घातली होती: ज्या यंत्राला गार्ड बसवलेला नाही त्याला हळद-कुंकू लागणार नाही. मुले मग कपाटे धुंडाळून गार्ड शोधून आणत, हरवलेले स्क्रू जमवत. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करण्यापूर्वी लेथच्या फिरणाऱ्या चकवरचा झेंडूचा हार काढला की नाही हे मी स्वतः फिरून पाहत असे, कारण फिरत्या दांड्याला हाराचा दोरा आणि शर्टाची बाही सारखीच.

सुतारकामातली परिस्थिती लोखंडकामापेक्षा वाईट आहे. फ्लॅटमध्ये फर्निचर करायला येणारे बहुसंख्य सुतार प्लाय कापण्यासाठी मार्बल कटर वापरतात. हे दगड कापायचे यंत्र, मिनिटाला १२-१३ हजार फेऱ्यांचे, त्याला लाकडाचे दातेरी पाते चढवलेले. लाकडाच्या करवतीला खालून आपोआप मिटणारे स्प्रिंगचे आवरण असते, दगडाच्या कटरला ते नसते, कारण दगडाच्या पात्याला दातच नसतात. त्यातही सर्वांत भीतीदायक प्रकार म्हणजे हा कटर उलटा करून प्लायच्या तुकड्याखाली स्क्रूने बसवायचा, पाते वर काढायचे, स्विच कायमचा दाबून ठेवायचा आणि भिंतीवरचे बटण लावून टेबल सॉ तयार करायचा. खऱ्या टेबल सॉमध्ये पात्याच्या मागे एक पातळ पोलादी पट्टी उभी असते. कापलेले लाकूड मागे पुन्हा मिटून पात्याला चिकटू नये म्हणून ती असते, कारण मागचे दाते वर येत असतात आणि चिकटलेली फळी उचलून कापणाऱ्याकडे भिरकावतात. फळी उडाली की तिला धरलेला हात आधाराविना पुढे, पात्यावर पडतो. या घरगुती टेबलाला ती पट्टी नाही, आवरण नाही, आणि थांबवायचे बटण खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. असे टेबल कुणाच्याही घरात चालू दिसले तर ते बंद करायला सांगण्याइतका परखडपणा आपण दाखवलाच पाहिजे असे मला ठामपणे वाटते.

विजेचा विषय मी थोडक्यात संपवतो, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. वायरीची उघडी टोके सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करणे हे साइटवर रोज दिसते, आणि ते थांबलेच पाहिजे. चांगल्या हँड मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, म्हणून त्याला अर्थिंगची तिसरी तार नसते. परंतु वायर सोलवटली किंवा मशीनमध्ये पाणी गेले तर ती खूण वाचवत नाही. तिथे कामाला येतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो गळणारा प्रवाह ओळखून क्षणार्धात वीज तोडतो.

पाण्याचा उल्लेख केला, कारण दगड कापताना पाणी लागतेच. कोरडी फरशी कापताना उठणाऱ्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. संगमरवरात सिलिका फारशी नसते, ग्रॅनाइटमध्ये बरीच असते, आणि आजकाल स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या अनेक प्रकारांत ती नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली, ती तो कापणाऱ्या तरुण कामगारांच्या फुप्फुसांकडे पाहून. आमच्याकडे बाटलीच्या झाकणाला भोक पाडून हेल्पर पात्यावर पाण्याची धार धरतो. धूळ बसवायला तो उपाय चांगला आहे, पण तोंडावरच्या रुमालाऐवजी नीट बसणारा मास्क हवा, कटर पाण्यात चालणारा हवा आणि मागे आरसीसीबी हवाच. एक धोका टाळताना दुसरा ओढवून घेतला जात नाही ना, हे इथेही पाहावे लागते.

डोळ्यांबद्दल एवढेच सांगतो की साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल लागतो. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण काही तासांतच गंजू लागतो आणि बुबुळावर गंजाचे कडे उमटते. दुकानात एखादा ‘जाणकार’ रुमालाच्या टोकाने किंवा काडीने तो काढून देतो, तेव्हा बुबुळाला ओरखडा पडतो आणि कण आत राहतो तो राहतोच. ज्याने अनेक वर्षे लोखंड घासले आहे त्याने एमआरआय करण्यापूर्वी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण डोळ्यात राहिलेला कण त्या चुंबकात हलू शकतो.

इतके सगळे ठाऊक असूनही गार्ड खिडकीतच का राहतो, याचे उत्तर मला वर्कशॉपच्या बाहेर सापडले. माझे विद्यार्थी कारखान्यात लागले की गार्ड लावतात, कारण तिथे गार्ड नसलेले मशीन स्टोअरमधून मिळतच नाही. तेच विद्यार्थी स्वतःचे दुकान काढतात किंवा ठेक्याने काम घेतात तेव्हा गार्ड काढतात. माणूस तोच, शिक्षण तेच, बदलतो तो हिशेब. ग्रिलचा दर किलोवर, फरशीचा आणि फर्निचरचा दर चौरस फुटावर. पाइप नीट टेकवायला गेलेली दोन मिनिटे, चाक बदलायला गेलेली पाच मिनिटे, पाण्याने कापल्यावर सुकायला गेलेला वेळ, यांतले काहीच त्या दरात धरलेले नसते. घरमालक तीन ठिकाणी भाव काढतो आणि सर्वांत कमी आकडा निवडतो. तो आकडा कमी कसा झाला हे कुणी विचारत नाही. घरात काम काढणाऱ्या माझ्या नातेवाइकांना मी आता सांगतो की भाव ठरवतानाच गार्डसह मशीन, पाण्याने कापणे आणि धड पिन असलेली वायर या तीन गोष्टी बोलून घ्या, त्यासाठी दर थोडा वाढवा, आणि आरसीसीबी नसेल तर कामाआधी तो बसवा. सुतारकाका किंवा मिस्त्री यांना हे अपमानास्पद वाटत नाही. उलट ‘तुम्ही म्हणता तर लावतो’ असे म्हणत बहुतेक जण पिशवीतून गार्ड काढतात, कारण तो त्यांच्याजवळ असतोच.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फर्निचरचे काम घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यालाही उलटा कटर हाच मार्ग दिसत होता. एकट्याला टेबल सॉ झेपणार नव्हता. मग त्याने ओळखीच्या आणखी तीन सुतारांना गोळा करून चौघांत मिळून एक बऱ्यापैकी टेबल सॉ घेतला. ज्याच्या साइटवर कटिंग असेल त्याने आदल्या दिवशी फोन करायचा, टेम्पोचे भाडे त्याने द्यायचे, आणि मशीन परत देताना मागची पट्टी, वरचे आवरण आणि फळी ढकलायची काठी मोजून द्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. यांतले काही कमी असेल तर पुढचा माणूस मशीन टेम्पोत चढवतच नाही. चौघांनाही आता लागेल तसे मोजून कापण्यापेक्षा एकाच दिवशी सगळे प्लाय कापून घेणे स्वस्त पडते, आणि ती बचत ते गिऱ्हाइकाला दर सांगताना मोकळेपणाने सांगतात.